माळ्यावरून मारलेलं डुक्कर

सर्वांत आधी तुम्हा दोघांना एक सांगते: मी कुणाचाही जीव घेतलेला नाही. मामाने फॅमिली ग्रुपवर टाकलेला फोटो तुम्ही तिकडे मेलबर्नला पाहिलात. पानांत आडवं पडलेलं रानडुक्कर, त्याच्या मानेत बाण, आणि शेजारी धनुष्य घेऊन उभी असलेली तुमची आजी. त्या दिवसापासून थोरली माझ्याशी बोलत नाही. कॉल लागला की कॅमेऱ्यासमोरून नुसती ये-जा करते. धाकटा बोलतो, पण त्याला एवढंच हवं असतं की रक्त किती आलं. म्हणून मी हे आता लिहायला बसले. अजून उशीर केला तर तुमच्या मनात तोच फोटो पक्का होईल.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला ते स्वतः वाचता आलं असतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं आणि शाळेत भूगोलही मी इंग्रजीतच शिकवला, तेव्हा ते अवघड नव्हतं. पण या गोष्टीतली अडचणच अशी आहे की ती मराठी डोक्याच्या माणसालाच यावी. तुमची आई वाचून दाखवील. ती मध्येच हसायला लागली तर तिला हसू द्या, घाई करू नका.

क्रमाने सांगते. इथे आयर्लंडमध्ये धनुष्याने जनावर मारायला परवानगी नाही. आणि खरी रानडुकरं इथे राहिलेलीही नाहीत. कधीकाळी पुष्कळ असावीत, कारण कितीतरी गावांच्या नावांच्या सुरुवातीला ‘मक’ येतं आणि इथल्या जुन्या भाषेत ‘मक’ म्हणजे डुक्कर. जनावर गेलं, नकाशावर नाव राहिलं. मामाच्या घरापासून गाडीने थोडं गेलं की एक ओकचं रान लागतं. तिथे एक धनुर्विद्येचा क्लब आहे. त्या लोकांनी रानात फोमची जनावरं उभी केली आहेत. हरीण, लांडगा, नेच्यांच्या झुडपात दडलेली एक मगर. पायवाटेने चालत जायचं आणि प्रत्येकावर बाण मारायचा. मग बाण उपटून घ्यायचा आणि पुढे निघायचं. आयर्लंडच्या धुक्यात मगर दिसली की पहिल्यांदा आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. नंतर तीही ओळखीची होते.

मी तिथे कशी पोचले, ते आजोबांपासून सांगावं लागेल.

आजोबांचं बायपासचं ऑपरेशन पुण्याला झालं तेव्हा तुम्ही लहान होतात. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता रोज चालायचं. नंतर मामाने आम्हा दोघांना शॅननला, विमानतळाशेजारच्या या गावात, बोलावून घेतलं. मामा तिथल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात सकाळी लवकर जायचा आणि आम्ही दोघं घरात. आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि मी त्यांना दिसेन अशी बसायची. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले तरी ते काचेवर बोटाने टकटक करायचे, मी हात हलवून दाखवायची. हा नियम कुणी केला ते आठवत नाही. चालण्याचा विषय निघाला की बाहेर पाऊस असायचा, आणि इथे पाऊस शोधावा लागत नाही. मी एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात जायला निघाले की फाटकापाशीच मला वाटायचं, आत काहीतरी पडलं. परत येऊन पाहावं तर काहीच पडलेलं नसायचं. आजोबा पेपर वाचत असायचे. मग दुकान राहून जायचं.

असं बरेच महिने चाललं. विमानं खाली यायची, वर जायची, आणि आम्ही दोघं एकमेकांवर पहारा करत बसलेलो.

शेजारी एक बाई राहते. माझ्याच वयाची, नवरा गेलेला, विमानतळावरच्या नोकरीतून निवृत्त झालेली. माहेर कोळ्यांचं, इथून पश्चिमेला अगदी समुद्रात घुसलेल्या टोकावरच्या गावातलं. ती कुंपणावरून ब्राउन ब्रेड द्यायची आणि मला ‘पेट’ म्हणायची. पेट म्हणजे पाळीव प्राणी एवढंच मला माहीत, त्यामुळे पहिल्यांदा मी जराशी दुखावलेच. पुढे कळलं की ते लाडाने म्हणतात. मी आजोबांना हाक मारते ती तिने ऐकली आणि तिची समजूत झाली की त्यांचं नाव ‘आहो’ आहे.

“काय आहो, तब्येत कशी काय?” ती कुंपणावरून विचारायची.

“ग्रँड,” आजोबा म्हणायचे. ग्रँड म्हणजे झकास. इथे येऊन त्यांनी उचललेला तो पहिला शब्द.

मी तिची चूक सुधारली नाही. ‘अहो’ हे नाव नाही, नाव घ्यायचं नाही म्हणून ठेवलेली मोकळी जागा आहे, हे तिला कसं सांगणार? आणि आजोबांना ते नाव आवडलेलं दिसलं.

एकदा ती म्हणाली, “पेट, त्या खिडकीत बसून दिवसभर काय बघतेस? आमच्या रानात ये.”

“यांना सोडून मला येता येत नाही.”

“मग आहोलाही आण. बरोबर एक खुर्ची आण. रान काही त्याला खाणार नाही.”

आजोबा आतून म्हणाले, “जाऊ या की. नाहीतरी इथे मी बसूनच असतो. तिथे बसेन.”

अशी आमची रविवारची दुपार सुरू झाली. मामा गाडीने सोडायचा. आजोबांची घडीची खुर्ची, पांघरूण, थर्मास आणि गोळ्यांची डबी, सगळं मी आदल्या दिवशीच भरून दाराशी ठेवायची. शेजारणीने मला क्लबमधलं सगळ्यांत हलकं धनुष्य दिलं. पहिले काही आठवडे गवताच्या गोल फळ्यावर. दोरी ओढताना खांदा भरून यायचा. हाताच्या आतल्या बाजूला निळे डाग पडले, ते मी पूर्ण बाह्यांखाली झाकले. पण दोरी हनुवटीपर्यंत आली की एक क्षण असा यायचा की कानातले सगळे आवाज बंद व्हायचे. घरात जो आवाज मला सारखा यायचा, काहीतरी पडल्याचा, तोही. मग बोटं सुटायची आणि रान पुन्हा सुरू व्हायचं, पानांवरून पडणारं पाणी, कुठेतरी एक रॉबिन पक्षी. तो क्षण फार लहान असे. मी त्याच्यासाठी आठवडाभर थांबायची.

रानाच्या शेवटी जमीन एकदम खाली उतरते. तिथे काठावरच्या एका म्हाताऱ्या ओकला क्लबने लाकडी माळा बांधला होता. शिडीने वर जायचं, कमरेचा पट्टा खोडाच्या दोरीला अडकवायचा आणि तिथून खालच्या खोलगटीतल्या रानडुकरावर नेम धरायचा. जुन्या काळी शिकारी झाडावर बसायचे त्याची ही नक्कल. डुक्कर काळपट, अंगावर राठ केसांच्या रेघा कोरलेल्या, सुळे पिवळे. अर्धा दिवस धुक्यात असल्यामुळे ते कधी पूर्ण दिसायचंच नाही. एखाद वेळी पाठ दिसायची, नाहीतर नुसता सुळा.

शेजारीण त्या जनावराचं नाव घ्यायची नाही. तिच्या माहेरी ‘पिग’ हा शब्द सकाळी कुणाच्या तोंडून निघाला तर होड्या त्या दिवशी समुद्रात जात नसत. वडील गेले, होड्या विकल्या, तरी तिच्या जिभेवर तो शब्द येत नाही. मला यात नवल वाटलं नाही. माझी आई संध्याकाळनंतर सापाला साप म्हणायची नाही, जनावर म्हणायची. पण डुकराच्या ऐवजी ही बाई कोणता शब्द वापरते, हे मात्र मी कधी विचारलं नाही. माझी चूक झाली ती इथेच.

ती ‘युअर मॅन’ म्हणायची.

‘युअर मॅन’ म्हणजे मराठीत शब्दाला शब्द ठेवला तर ‘तुझा माणूस’. पुण्याला आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी नवऱ्याला ‘माझा माणूस’ म्हणायच्या, “माझा माणूस गावाला गेलाय.” तेव्हा मला दुसरा काही अर्थ सुचण्याचं कारण नव्हतं. शेजारीण रानात शिरताना म्हणायची, “युअर मॅन आज छान दिसतोय,” आणि मी वळून आजोबांकडे पाहायची. मफलर गुंडाळून बसलेले असायचे. खरंच छान दिसायचे. “थँक यू,” मी म्हणायची. ती माझ्याकडे जरा निरखून पाहायची, पण भारतातल्या बायका विनयशील असतात असं तिने मनाशी ठरवलेलं होतं बहुतेक.

त्या रविवारी मला पहिल्यांदा माळ्यावर चढायचं होतं. ऑक्टोबर अर्धा झाला होता. आधीचे सगळे दिवस पाऊस लागला होता आणि त्या दिवशी तो नुकताच थांबून रानाच्या अंगातून वाफ निघत होती. आजोबांची खुर्ची मी ओकच्या बुंध्याशी मांडली, म्हणजे वरून मला त्यांची टोपी दिसेल.

“वर गेलीस की खाली बघू नकोस,” आजोबा म्हणाले. “समोर बघ. नाहीतर मलाच बाण मारशील.”

“तुम्ही जागचे हलू नका म्हणजे झालं.”

“मी कुठे हलतो? न हलण्याबद्दलच तर माझी ख्याती आहे.”

मी चढले. पट्टा अडकवला. शेजारीण शिडीशी उभी राहून म्हणाली, घाई करू नकोस, धुकं सरकेपर्यंत थांब.

मी थांबले. इतकी शांत मी त्याआधी कधी बसले होते, आठवत नाही. झाड हलत होतं, पण वाऱ्याने हलतं तसं नाही. होडी बांधून ठेवल्यावर हलते तसं, जणू मुळांपासून. फांद्यांवर शेवाळ इतकं जाड की झाडाने स्वेटर घातल्यासारखं दिसावं. पिवळी पानं पडत होती, पण पडल्याचा आवाज नव्हता. खाली टोपी होती. मग धुक्याची एक चुणी आमच्या दोघांच्या मधून गेली आणि टोपी दिसेनाशी झाली, आणि मला आईच्या गावचा भाताचा वास आला.

तिथेही माळे असायचे. कोकणात, भात पिकायला लागलं की शेताच्या बांधावर चार खांब रोवून माळा बांधायचे आणि त्यावर बसून डुकरांना हाकलायचे. मी लहानपणी एकदा मामाबरोबर वर बसले होते, माझ्या मामाबरोबर, तुमच्या नव्हे. डुक्कर आलंच नाही. मी त्याची वाट बघता बघता झोपले आणि मला वाटलं की शेत म्हणजे पाणी आहे आणि आम्ही त्यावर चाललो आहोत. आता ओकवर बसून मला नीट सांगता येईना की मी त्याच झोपेत आहे की त्यानंतर जागी झाले होते. मधली सगळी वर्षं, शाळा, परीक्षेचे पेपर, तुमच्या आईचा जन्म, ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा बाक, हे सगळं खाली धुक्यात कुठेतरी होतं. वर फक्त लाकडाचा ओला वास.

धुकं सरकलं. खोलगटीत डुकराची पाठ दिसली, मग मान. ते जरा पुढे झुकलेलं वाटलं, जणू काही हुंगत आहे. मी धनुष्य उचललं. दोरी हनुवटीपर्यंत आली, आवाज बंद झाले, बोटं सुटली.

‘थप्’ असा आवाज आला आणि त्यामागून काहीतरी जड पडल्याचा.

हा आवाज खरा होता. शेजारीण पायवाटेने खाली गेली. धुकं पुन्हा मिटलं. आणि त्यातून तिचा आवाज वर आला, “युअर मॅन खाली पडला! पार आडवा झालाय, बिचारा!”

मी खाली पाहिलं. खुर्ची रिकामी होती. पांघरूण ओल्या पानांत पडलेलं.

पुढचं मी क्रमाने सांगू शकत नाही. मला एवढं माहीत आहे की पट्ट्याची कडी उघडेना. कडी साधी असते, बोटाने दाबलं की सुटते, पण माझी बोटं कुणा दुसऱ्याची झाली होती. मी वरून ओरडले, “अहो! अहो! अहो!” इतक्या मोठ्याने मी त्यांना आयुष्यात हाक मारली नव्हती. खोलगटीतून शेजारीण काहीतरी म्हणत होती, युअर मॅनच्या पायाखालची जमीन भुसभुशीत होती म्हणून, आता त्याला आपण दोघी मिळून उभं करू म्हणून. हसत होती. ती हसते आहे याचाच मला राग आला. आणि माझ्या मनात जे आलं ते तुम्हाला सांगते. मला वाटलं, बघ, त्यांच्यावरची नजर हटवलीस ना.

तेवढ्यात पाठीमागून, आम्ही आलो होतो त्या वाटेने, आवाज आला.

“काय गं, एवढी ओरडतेस कशाला? डुक्कर पळून जाईल ना!”

आजोबा येत होते. हातात काठीसारखी एक फांदी, टोपी मागे सरकलेली, गाल लाल.

“तुम्ही पडला नाहीत?”

“मी कशाला पडेन? मगर बघायला गेलो होतो. सुंदर आहे मगर.”

“कुणाला विचारून गेलात?”

“कुणाला विचारणार? तू झाडावर होतीस.”

मी माळ्यावर मटकन बसले. शेजारीण खोलगटीतून वर आली. एकदा माझ्याकडे, एकदा आजोबांकडे पाहून म्हणाली, “पेट, काय झालं?” मी म्हणाले, तूच म्हणालीस ना माझा माणूस पडला. ती म्हणाली, तुझा नाही, युअर मॅन. मी म्हणाले, तेच. मग तिने खोलगटीकडे हात केला आणि अगदी हळू आवाजात, चर्चमध्ये बोलतात तसं सांगितलं, “युअर मॅन म्हणजे तो. तो, सुळेवाला. इथे कुणाही बाप्याला आम्ही युअर मॅन म्हणतो. पोस्टातला, टीव्हीवरचा. त्याचा नवऱ्याशी काही संबंध नाही.”

“म्हणजे इतके रविवार तू म्हणत होतीस की छान दिसतोय, ते…”

“मी आहोबद्दल बोलत नव्हते,” ती म्हणाली. मग घाईने, “म्हणजे आहोही छान दिसतो.”

आजोबांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते खुर्चीत बसून इतके हसले की मला पुन्हा भीती वाटली. छातीवर हात ठेवून हसत होते. “माझी आणि डुकराची अदलाबदल झाली आणि तू थँक यू म्हणत होतीस?” एवढंच पुन्हा पुन्हा.

शेजारीण बाण आणायला गेली. मी खाली उतरले. खुर्चीच्या हाताला धरून उभी राहिले. आजोबांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला.

“असं न सांगता जात जाऊ नका,” मी म्हणाले. “तुम्हाला भीती वाटते ना एकट्याने, मग?”

“सुरुवातीला वाटायची,” आजोबा म्हणाले. “पुण्यात. इथे आल्यावर केव्हातरी गेली.”

“मग खिडकीत बसून असता ते? मी बाहेर गेले की काचेवर वाजवता ते?”

त्यांनी झाकण पुन्हा भरलं. “अगं, तू डबा ठेवायला गेलीस तरी सारखी मागे वळून बघायचीस. म्हटलं, वाजवावं, म्हणजे हिला कळेल आत ठीक आहे. मी बाहेर पडलो असतो तर तू घरात नीट श्वास तरी घेतला असतास का?”

मला ते खोटं आहे असं म्हणायचं होतं. वरून मारलेली हाक अजून माझ्या घशात दुखत होती, त्यामुळे म्हणता आलं नाही. पानं पडत होती. आम्ही दोघांनी एकाच झाकणातून चहा प्यायला.

तुम्ही पाहिलात तो फोटो नंतरचा आहे. पावसाने खालची जमीन सैल झाली होती, डुकराला टेकू दिलेला खांब कलला होता आणि माझ्या बाणाने त्याला शेवटचा धक्का दिला. शेजारणीने हट्ट धरला की उभं करण्याआधी फोटो काढायचाच. बारकाईने पाहिलंत तर बाणाच्या कडेने आतला पांढरा फोम दिसेल. थोरलीने तो मोठा करून पाहावा. धाकट्याने रक्त शोधू नये. माझे डोळे रडून सुजलेले आहेत ते डुकरासाठी नव्हे, हेही आता तुम्हाला कळेल.

गाडी क्लबच्या फाटकाशी उभी असते. नेहमी मी आजोबांचा दंड धरून तिथपर्यंत जायची. त्या दिवशी ते पुढे निघाले आणि मी खुर्चीची घडी घालत मागे राहिले. वाट वळली तिथे ते दिसेनासे झाले. मी घडी पुन्हा उघडली आणि पुन्हा घातली. मग निघाले. वळणापलीकडे ते नव्हते, पुढच्या वळणापलीकडेही नव्हते. फाटकाशी मामाच्या गाडीत बसून क्रिकेटबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. मी खिडकीत उभी होते. त्यानंतरच्या आठवड्यात चर्चपर्यंत. मी स्वयंपाकघरात होते, पण कानोसा घेत, नळ बंद ठेवून. नंतर कधी नळ चालू राहिला ते माझ्या लक्षात आलं नाही.

ओक गेला. हिवाळ्यातल्या वादळात तो मुळासकट खोलगटीत कोसळला आणि माळ्याच्या फळ्यांचे तुकडे झाले. क्लबने नवा माळा बांधला नाही. झाडावरून नेम धरणं आता बंद आहे आणि मीही जमिनीवरूनच बाण मारते, बऱ्याचदा चुकते. आजोबा आहेत. आज सकाळी ते बसने एकटेच शेजारच्या एनिस गावी केस कापायला गेले आहेत.